पिवळ्या पाकिटाबद्दलच्या तक्रारी

४ मार्च

प्रिय आत्या,

फोनच करणार होते, पण तुझ्या लॉन्ड्रीत फोन केला की निम्मं बोलणं तुझ्याशी होतं आणि निम्मं धुलाईच्या मशीनशी. शिवाय हे काम लेखीच व्हायला हवं असं आमचं ठरलंय, म्हणून पत्र.

सोबत दोन सीड्या आहेत. निळ्या पाकिटात आमच्या बँडचा नवा अल्बम आहे, अजून बाजारात न आलेला. पिवळ्या पाकिटात त्याच नऊ गाण्यांचे डेमो आहेत. डेमो म्हणजे कच्चा खर्डा. अल्बम करायला घेण्याआधी आम्ही चौघांनी एका गॅरेजमध्ये बसून सगळं एकदम वाजवलं, तेच जसंच्या तसं. मध्ये कोणी खोकलंय, एकदा शेजाऱ्याने शटर ओढलंय, तेही त्यात आहे.

आता खरी गोष्ट. अल्बममध्ये ड्रम्स माझे नाहीत. दाढीने माझे ड्रम्स काढून टाकले आणि तिथे कॉम्प्युटरचे घातले, मला न विचारता. दाढी म्हणजे आमचा गाणारा, गिटार वाजवणारा, आणि कोणी निवडून दिलेलं नसताना झालेला पुढारी. म्हणतो, तुझी लय हलते, मशीनची हलत नाही. बाजारात जाणाऱ्या पाकिटावर नाव मात्र माझंच छापणार आहेत, म्हणजे मी न वाजवलेल्याचं कौतुकही माझंच. मी कडाकडा भांडले. कीबोर्ड वाजवणारी चष्मा माझ्या बाजूने आहे. बास गिटारवाला मुका दाढीच्या बाजूने आहे असं आम्हाला वाटतं, पण तो बोलतच नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

शेवटी ठरलं की लोकांनाच विचारायचं. चौघांनी चार ठिकाणी दोन्ही सीड्या पाठवायच्या, कशात काय आहे ते न सांगता ऐकवायच्या, आणि ऐकणारे काय म्हणतात ते पत्राने मागवायचं. पत्रं चौघांसमोर मोठ्याने वाचायची. जास्त लोकांना जे आवडेल ते बाजारात जाईल. चष्म्याने दातांच्या दवाखान्यात पाठवल्यात, दाढीने जिममध्ये, आणि मुक्याने वाचनालयात. त्याला दुसरं काय सुचणार? मी तुझी लॉन्ड्री निवडली.

निळं जिंकलं तर मी बँडमध्ये राहून करू काय, आत्या? स्टेजवर बसून मशीनच्या तालावर मान डोलवू? नऊ वर्षं झाली मला यांच्याबरोबर. दुसरं काही मला धड येत नाही, तुला माहीत आहे.

पण म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. लोक जे म्हणतील तेच लिही.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद नेहमीचेच, ते मागून घे. आधी त्या दाढीला माझा निरोप दे की माझ्या भाचीचे ड्रम्स काढणारा अजून जन्माला यायचाय. आणि आलाच असेल तर त्याने आपले शर्ट माझ्याकडे धुवायला पाठवून बघावेत.

तुझं काम चोख केलंय. दोन्ही पाकिटं भरपूर लोकांना ऐकवली. मतं खाली देते, शब्द त्यांचे, अक्षर माझं.

एक निवृत्त न्यायाधीश, आमचं जुनं गिऱ्हाईक: "मी जन्मभर दोन्ही बाजू ऐकत आलो, पण पिवळ्या पाकिटासारखी बाजू ऐकली नाही. ती ड्रम वाजवणारी पोरगी कोण? तिचे हात सोन्याने मढवले पाहिजेत. निळ्या पाकिटाला सक्तमजुरी."

एक हृदयाचे मोठे डॉक्टर: "पिवळ्यातले ड्रम्स ऐकून माझ्या तीन पेशंटांची हृदयं जागेवर आली. निळं ऐकून एकाचं पुन्हा हललं. बाई गं, काय तो हात."

एक वैमानिक: "विमान चालवताना मला पिवळंच आठवत होतं. त्यातली ती बासरी तर काळजाला भिडते. आणि ती पोरगी वेळेवर जेवते ना? वाजवण्यावरून वाळलेली वाटते."

एक परदेशी बाई, यांना आपली भाषा अजिबात येत नाही: "बाई गं, काय तो हात."

निळ्या पाकिटाच्या बाजूने एकही माणूस मिळाला नाही. मी शोधला, देवाशपथ शोधला. तेव्हा आता निकाल लागलाच आहे असं समज आणि झोप काढ.

मोठ्याने वाचायचं म्हणालीस म्हणून अक्षर जरा मोठं काढलंय.

तुझी आत्या


१४ मार्च

आत्या,

वाचलं. मोठ्याने, तिघांसमोर.

न्यायाधीशाचं सगळ्यांनी खरं मानलं. डॉक्टरांपाशी चष्म्याने तोंडावर हात धरला. परदेशी बाई आल्या तेव्हा मुका हसला. नऊ वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले. दाढीने पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचून काढलं, सावकाश, आणि विचारलं, तुमच्या गावात न्यायाधीश, डॉक्टर, वैमानिक सगळे एकाच आईचे का?

ड्रम्स वाजवणारी मुलगी आहे हे त्यांना कोणी सांगितलं, आत्या? सीडीवर बाईचा आवाज कुठेच नाही, गातो फक्त दाढी. आणि बासरी? आमच्यात बासरी नाही. निळ्यात नाही, पिवळ्यात नाही, आमच्यापैकी कोणाच्या घरीसुद्धा नाही. तू सीडी लावलीच नाहीस ना?

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाढी म्हणतो ते बरोबर आहे, हे मत बाद. महिनाअखेरपर्यंत खरं पत्र आलं तर धरू, नाहीतर तीनच ठिकाणांवर निकाल.

आणि ती तीन अशी आहेत. दातांच्या दवाखान्यात निम्म्या लोकांची तोंडं बधिर होती, त्यांनी नुसत्या माना हलवल्या. डॉक्टरीणबाईंचं मत निळं, कारण पिवळं लावलं की पेशंट मध्येच दचकतो आणि त्यांचा हात चुकतो. जिमवाल्यांचंही निळं, एकसारखं वाजतं म्हणून वजनं उचलायला बरं पडतं. वाचनालयाचं पत्र एका ओळीचं आहे: "आवाज कमी करावा." ते आम्ही कोणाच्या बाजूने धरायचं यावर अजून वाद चालू आहे.

म्हणजे पिवळ्याची आशा आता फक्त तुझ्यावर उरलीय. रागावले नाहीये मी. थोडी रागावले आहे. पण आता खरं लिही. एकाही माणसाला बढती देऊ नकोस.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

चुकलं माझं. न्यायाधीश आहेत, पण ते फक्त पडदे टाकायला येतात. बाकीचे मी रचले. सीडी लावली नव्हती, कामाची फार गर्दी होती. बासरी मला वाटलं असतेच सगळीकडे.

आता ऐक, यात एक अक्षर माझ्या पदरचं नाही. आधी तीन दिवस निळं लावलं, मग तीन दिवस पिवळं, मागच्या मोठ्या खोलीत, जिथे आमचं सगळं काम चालतं. मी पुढे हिशेबाला बसते आणि मशीनच्या आवाजापायी कानात कापूस घालते हे तुला माहीतच आहे, म्हणून ऐकलं ते त्यांनी, मी संध्याकाळी फक्त विचारून घेतलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला जसं विचारते तसंच विचारलं: "काही तक्रार?"

निळ्या पाकिटाबद्दल कोणाचीही काही तक्रार नाही. तिन्ही दिवस विचारलं, तिन्ही दिवस सगळे म्हणाले, नाही, ठीक आहे.

पिवळ्याबद्दलच्या तक्रारी लिहिताना माझा हात जड झालाय.

इस्त्रीवाले काका म्हणतात, दुसऱ्या गाण्यात ड्रम्स अचानक थांबतात. त्यांना वाटलं वीजच गेली. इस्त्री हातात उचलून उभे राहिले आणि पुन्हा सुरू होईपर्यंत तसेच उभे होते, श्वास धरून. म्हणाले, या वयात असं बरं नाही.

डाग काढणारा म्हणतो, पाचव्या गाण्यात जो खोकतोय त्याला आधी कोणीतरी औषध द्या. तीन दिवस तो त्या खोकल्याची वाट बघत होता आणि तीनही दिवस तिथे त्याचा ब्रश थांबला.

काउंटरवरची म्हणते, सहावं गाणं डोक्यातून जात नाही. परवा गिऱ्हाईक पावतीसाठी समोर उभं आणि ही काउंटरवर बोटं वाजवत बसलेली. गिऱ्हाईक माझ्याकडे आलं ओरडत.

घडीच्या टेबलावर आमच्याकडे नणंद-भावजय आहेत. हॉटेलांच्या चादरींची घडी दोघींनी मिळून घालावी लागते, एक या टोकाला, एक त्या. दोन वर्षं झाली, या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. कशावरून ते त्यांनाही आता नीट सांगता येत नाही. चादर धरायची, ओढायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं, सगळं मुक्याने. मला आपलं बरं, काम शांततेत होतं. तर पिवळ्यातलं तिसरं गाणं लागलं, ते शेवटची बस गाठण्याबद्दल आहे म्हणे, आणि त्यात ड्रम्स जे पळायला लागतात त्यांच्यामागे या दोघीही पळायला लागल्या. टोकं जुळेनात. भावजय म्हणाली, "ओढू नका एवढं." नणंद म्हणाली, "मी ओढते? तूच धावतेस." झालं. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं, चादरी राहिल्या बाजूला. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं की चूक ड्रम वाजवणाऱ्याची आहे. सगळा ढीग पुन्हा घडी करावा लागला.

गिऱ्हाइकांपैकी एक गणिताचे सर आहेत, त्यांचा एकच कोट आहे. तो न्यायला आले, आतून गाणं ऐकू येत होतं, संपेपर्यंत थांबले आणि कोट न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, तुमच्यामुळे मी शाळेत नुसत्या शर्टात गेलो.

तर हे असं आहे. निळ्याला तक्रार नाही आणि पिवळ्याला कोणी सोडलं नाही. मी या धंद्यात केस पांढरे केले, मला एकच माप कळतं. कपडा परत आला नाही म्हणजे काम चांगलं. खोटं लिहू नको म्हणालीस म्हणून लिहिते, पोरी. निळं जिंकलं.

मला फार वाईट वाटतंय. तू माझ्यावर रागव, पण जेवण सोडू नकोस.

आत्या


२६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं आणि मी वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, काही न गाळता. या वेळी कोणी हसलं नाही. दाढी तर अगदी गप्प होता. जिंकलेल्या माणसाने उड्या मारू नयेत एवढी रीत त्याच्याकडे आहे म्हणायची.

तिसऱ्या गाण्याचं खरं आहे ग. मी पळते. दाढी हेच सांगत होता वर्षभर आणि मी त्याला आखडू म्हणत होते. चादरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या, मला कधी न पाहिलेल्या बायकांनासुद्धा ते कळलं, तर मग मी कोणाशी भांडू?

मी बँड सोडतेय. एक तारखेला अल्बमचं नक्की करायला बसणार आहोत, तेव्हा सांगेन. वाद्यांच्या दुकानात एक जागा आहे, गिऱ्हाइकांना ड्रमची कातडी बदलून द्यायची. मालक भला आहे. तिथे कोणी मला वाजवायला सांगणार नाही.

खरं लिहिलंस म्हणून बरं झालं. मी रडतबिडत नाही.

भिंगरी


२८ मार्च, कुरियरने

भिंगरे,

खबरदार त्या दुकानात पाऊल टाकलंस तर. हे पत्र एक तारखेच्या आत पोचायलाच हवं म्हणून कुरियरवाल्याला दारात उभा केलाय, त्याचं डोकं फिरायच्या आत लिहून संपवते.

मी गाढव आहे. आता कशी ते सांगते.

तुझ्याकडे पत्र टाकलं आणि मी दोन्ही सीड्या कपाटात ठेवून दिल्या. म्हटलं झालं काम, ऐकून आणखी जीव जाळायचा कशाला. आज सकाळी तुझं पत्र वाचून आत गेले तर कोणी कामाला हात लावलेला नाही. इस्त्रीवाले काका इस्त्री तापवून नुसते उभे. मी विचारलं, काय झालं? काउंटरवरची म्हणाली, "पिवळं लावा ना." मी म्हटलं, अगं, तुमच्या एवढ्या तक्रारी होत्या. नणंद मला म्हणाली, "म्हणून काय झालं? आमचं तिसऱ्या गाण्याचं अजून मिटायचंय." आणि भावजयीने तिला मान हलवून दुजोरा दिला. त्या दोघी आता डबासुद्धा एकत्र खातात, भिंगरे. खाताना भांडतात, पण एकत्र खातात.

मग मी निळ्याचं विचारलं. त्यातलं एखादं गाणं कोणी गुणगुणून दाखवा, म्हटलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. डाग काढणारा म्हणाला, "निळं? ते कधी लावलं होतं?" तीन दिवस, बाबा. आख्खे तीन दिवस लावलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे शर्ट चांगला धुतला की माणूस तो घालतो आणि मला विसरून जातो. माझ्या धंद्यात हेच यश. पण गाणं म्हणजे शर्ट नव्हे हे मला मेलीला कोण सांगणार? मी तुझ्या गाण्यांना शर्टाचं माप लावलं आणि तू ते निमूट कबूल केलंस. दोघी एकाच घराण्यातल्या.

मग मी कानातला कापूस काढला. मशीन बंद केली, भर सकाळी, हॉटेलची गाडी दारात उभी असताना, आणि स्टूल घेऊन बसले.

आता खरं सांगते. गर्दी वगैरे काही नव्हती. पहिल्यांदा सीडी आली तेव्हा मी मुद्दामच लावली नाही. मला भीती वाटली. मला यातलं काही कळत नाही, आणि समजा आवडलंच नसतं, नुसता धडधडाट वाटला असता, तर? नऊ वर्षं सगळ्या नातेवाइकांशी तुझ्यावरून भांडले मी. तुझा बाप म्हणाला, पोरगी वाया गेली, तर त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि हे सगळं मी तुझं वाजवणं एकदाही धड न ऐकता केलं, भिंगरे. ऐकून मन बदललं असतं तर मी कोणाच्या बाजूने उभी राहिले असते?

तर ऐकलं. पहिलं गाणं मला आवडलं नाही, ते सांगून टाकते. दुसऱ्यात तू थांबलीस तिथे मी स्टुलावरून उठून उभी राहिले. तिसऱ्यात मला कळेना की हसायला येतंय की रडायला. ती बस गाठायचीच आहे, आणि कोणीतरी आपल्या पुढे जिवाच्या आकांताने पळतंय, आणि ती माझी भाची आहे. माझा ऊर असा भरून आला की हॉटेलचा ड्रायव्हर आत येऊन विचारून गेला, कोणी गेलं का म्हणून.

मी सुरुवातीला रचून लिहिलेलं सगळं कमीच होतं. बासरी सोडून.

हे पत्र त्या तिघांसमोर वाच. पुटपुटत नको, मोठ्याने. निकाल काय लागायचा तो लागो, पण माझं मत पिवळं, आणि लॉन्ड्रीचं मत पिवळं, आणि आता जाऊन बस तुझ्या जागेवर.

कुरियरवाला हातावरचं घड्याळ दाखवतोय.

आत्या


२ एप्रिल

आदरणीय आत्या,

आपण मला "दाढी" या नावाने ओळखता, म्हणून दुसरं नाव लिहीत नाही.

काल आपलं पत्र वाचलं गेलं. भिंगरीने सोडण्याचं तूर्त पुढे ढकललंय, आम्ही अल्बमचंही ढकललंय. हे पत्र मी तिला न सांगता लिहितोय.

आपल्या आधीच्या पत्रानंतर मी गप्प होतो ते जिंकलो म्हणून, असं तिला वाटतं. तसं नव्हतं. एकही तक्रार नाही हे ऐकलं आणि मला घास जाईना. निळ्या पाकिटावर मी वर्ष घालवलंय. चौथ्या गाण्यात माझा आवाज मी चाळीस वेळा पुसून पुन्हा गायलोय, कुठे खरखर राहू नये म्हणून. आपल्याकडे कोणी खरंच काही म्हणालं नाही का? वाईटही चालेल. एखादं तरी?

आपला नम्र,
दाढी


७ एप्रिल

दाढीवाल्या मुला,

तुझ्यावर मी खार खाऊन होते. पत्र वाचून निम्मा राग गेला. उरलेला निम्मा राखून ठेवलाय, कारण तू माझ्या पोरीला न विचारता तिचे हात काढून टाकलेस.

पण तू विचारलंस म्हणून मी काल पुन्हा निळं लावलं आणि सगळ्यांना हातातलं काम ठेवून बसायला सांगितलं. चौथं गाणं संपल्यावर इस्त्रीवाले काका म्हणाले, "हा तोच मुलगा ना, पिवळ्यातला? मग इथे एवढा घाबरून का गातोय?" काउंटरवरची म्हणाली, पिवळ्यात त्याचा आवाज एका ठिकाणी फाटतो, तिथे ती रोज त्याच्याबरोबर म्हणते. निळ्यात ते ठिकाण आलं आणि गेलं, ती तोंड उघडून बसली होती.

तुला एखादं तरी हवं होतं ना, ते हे घे. तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही, तू तो उगीच धुऊन काढलास. जास्त धुतलं की कापड मरतं, एवढं मला माझ्या धंद्यातलं कळतं.

आता उरलेल्या निम्म्या रागाचं. तू जाऊन तिच्याशी बोल. पत्र नको, चिठ्ठी नको, दुसऱ्याच्या तोंडून निरोप तर मुळीच नको. समोर बस आणि सांग की चुकलं. ती आधी तोंड फिरवेल, मग ओरडेल, मग चहा करेल. चहा आला की समजायचं, मिटलं.

भिंगरीची आत्या


१९ एप्रिल

प्रिय आत्या,

तू दाढीला काय लिहिलंस ते तो सांगत नाही. मागच्या आठवड्यात दारात येऊन उभा राहिला. मी तोंड फिरवलं, मग त्याला पोटभर बोलले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मशीन घालायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं." एवढं सरळ तो आयुष्यात कधी बोलला नसेल. मग मी चहा टाकला, तर कशाला कोण जाणे, तो एकदम सुटल्यासारखा खाली बसला.

ठरलं असं की ना निळं, ना पिवळं. सगळी नऊ गाणी पुन्हा वाजवायची, चौघांनी, त्याच गॅरेजमध्ये, एकदम. चष्म्याने दोन दिवस सुट्टी काढली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. काकांना सांग, थांबायची जागा तशीच ठेवलीय, त्यांनी सांभाळून घ्यावं.

मग तिसरं आलं. मी ठरवूनच बसले होते की या वेळी पळायचं नाही. दात आवळून वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मशीननेही मान खाली घातली असती. गाणं संपलं. मला वाटलं, जमलं. मी म्हटलं, "बघा, हलले नाही ना?"

दाढीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही हललीस. म्हणूनच बस चुकली." आणि मग म्हणाला, "तू पळ ना. आम्ही येतो मागून."

आत्या, नऊ वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी नेहमी तिघांच्या मागे, सांभाळत, मोजत, कोणाला मागे पडू न देता. मी पळाले. मागे वळून बघितलं नाही, आणि ऐकू येत होतं की तिघेही येतायत, धडपडत, एकमेकांवर आपटत, पण येतायत. दाढीचा आवाज दोनदा फाटला आणि त्याने तो तसाच जाऊ दिला. शेवटचा ठोका आम्ही चौघांनी एकदम मारला. कसा ते विचारू नकोस.

मग मला रडू आलं. ड्रम्सच्या मागे बसलं की चेहरा झाकला जातो, म्हणून कोणाला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल तरी कोणी तसं दाखवलं नाही. वर्षभर मला वाटत होतं, माझ्यावाचून यांचं चालतं.

तुझी,
भिंगरी